शपथेआधी गावची कामं: नागरिकत्व सोडणाऱ्या बेळगावकरांसाठी

गेल्या श्रावणात उचगावचे एक काका माझ्याकडे आले. टिळकवाडीत मी लोकांचे फॉर्म भरून देतो, पासपोर्टपासून वारसा नोंदीपर्यंत. काकांनी मोबाईल पुढे केला. त्यात मुलाच्या भारतीय पासपोर्टचा फोटो होता.

"पोरगा गणपतीला येतोय. जूनमध्ये त्यानं कॅनडाची शपथ घेतली, पण तिकडचा पासपोर्ट यायला वेळ आहे म्हणतोय. आपला इंडियन अजून २०३१ पर्यंत चालतोय की. ह्याच्यावरच येऊ दे काय?"

मी नको म्हटलं. काकांना ते पटेना. मुदत छापलेली आहे, फोटो त्याचाच आहे, मग अडतंय कुठं?

अडतंय ते इथं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीनं घेतलं त्या क्षणी भारताचं संपतं. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९, दोन्ही तेच सांगतात. अर्ज करा, न करा, कुणी विचारो, न विचारो. पासपोर्ट 'सरेंडर' केल्यावर जे प्रमाणपत्र मिळतं ते आधीच घडून गेलेल्या गोष्टीची पावती असते. पासपोर्टवर २०३१ लिहिलेलं असलं तरी जूनमधल्या त्या दिवसापासून तो पासपोर्ट वापरणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पुढं सरेंडर करताना किती वर्षं जवळ ठेवला, कितीदा त्यावर प्रवास केला, हे बघून दंड लावतात.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: शपथ झाली का? झाली नसेल तर बरीच कामं हातात आहेत.

आधी बघा, तुम्ही नागरिकत्व सोडताय का

ग्रीन कार्ड, पीआर, ब्ल्यू कार्ड, दुबईचा गोल्डन व्हिसा हे सगळे तिकडे राहायचे परवाने; ह्यातलं काहीही घेतलं तरी तुम्ही भारतीयच राहता. आखातात तीस वर्षं काढून आलेले आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यांना हा लेख वाचायची गरज नाही. तिथले देश नागरिकत्व सहसा देतच नाहीत. प्रश्न येतो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, सिंगापूरकडे गेलेल्यांचा. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, तेव्हा इथल्या इंजिनिअर मंडळींच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरले. पण मुभा जर्मनीनं दिली, भारतानं नाही. जर्मन झालात की आपल्या बाजूनं खातं बंदच.

सिंगापूरचं गणित उलटं आहे. ते आधी तत्त्वतः मंजुरीचं पत्र देतात आणि मग जुनं नागरिकत्व सोडून या म्हणतात. अशा वेळी कलम ९ नव्हे, कलम ८ लागतं: आपणहून घोषणा करून नागरिकत्वाचा त्याग. ते पत्र हातात पडेपर्यंत त्यागाचा कागद पुढे सरकवू नका. मधल्या मध्ये कुठलाच देश आपला नाही अशी अवस्था होऊ शकते, आणि ती निस्तरायला वकील पुरत नाहीत.

कलम ८ ची घोषणा भारतात बसूनही करता येते. गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर फॉर्म २२ भरायचा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या भाषेत डीसी ऑफिसला, द्यायचा. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीत. एक गंमतीची तरतूद: भारत युद्धात गुंतलेला असताना अशी घोषणा केली तर केंद्र सरकार सांगेपर्यंत तिची नोंदणी रोखून धरली जाते.

किती लोक हे करतात? संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०२० मध्ये ८५,२५६ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं आणि २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी. २०२० चा आकडा लहान दिसतो कारण त्या वर्षी सगळं जगच घरात बसलं होतं.

नाव, गाव आणि राज्य

हा भाग सावकाश वाचा. सीमाभागातल्या माणसाची फाइल इतर कशाहीपेक्षा ह्यावर जास्त परत येते.

एकाच घरातली तीन माणसं घ्या. आजोबांचा जन्म १९५० चा: राज्य मुंबई. वडिलांचा १९६४ चा: राज्य म्हैसूर. तुमचा १९८८ चा: राज्य कर्नाटक. घर तेच, वडगावातल्या गल्लीतलं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ च्या १ नोव्हेंबरला त्याचं कर्नाटक झालं, आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरला कागदोपत्री 'बेळगाव'चं 'बेळगावी' झालं. (आम्ही आजही बेळगावच म्हणतो, पण फॉर्म भरताना हट्ट चालत नाही.) त्यामुळे जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान एक आणि नव्यानं काढलेल्या जन्मदाखल्यावर दुसरं, हे ठरलेलंच.

परदेशातल्या टेबलापलीकडच्या माणसाला ही दोन गावं वाटतात. त्याची चूक नाही. उपाय असा: शपथेच्या अर्जात, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रात आणि नव्या पासपोर्टात जन्मस्थान जुन्या भारतीय पासपोर्टावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं येईल हे पाहा. नामांतराच्या सरकारी अधिसूचनेची एक प्रत फाइलमध्ये ठेवा. जन्मदाखला नव्यानं काढायचाच असेल तर तो आधी काढा, मग बाकीचं.

नावाचं दुखणं ह्याहून मोठं. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टात पहिली दोन मिळून 'गिव्हन नेम' होतात. तिकडे गेल्यावर कंपनीत मधलं नाव गळतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर गळतं, आणि शपथेच्या प्रमाणपत्रावरही गळतं. माझ्या आत्तेभावाचं असंच झालं. पुढे ओसीआयचा (परदेशी झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा) अर्ज केला तर दोन पासपोर्टांवरची दोन नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि तीन महिने गेले. लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या मुलींनी तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला इंग्रजीत काढूनच ठेवावा.

आणि कन्नडचा मुद्दा. शेताचा उतारा, वंशावळ, पंचायतीचे दाखले कन्नडमध्ये मिळतात. त्यात मराठी नाव कन्नड लिपीत जातं आणि भाषांतर करणारा ते पुन्हा इंग्रजीत आणतो, तेव्हा 'पाटील'चं स्पेलिंग त्याच्या मनावर असतं. भाषांतरकाराच्या हातात पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि नाव ह्यातलंच घाल म्हणून सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

पोरांचं काय

आईवडील शपथ घेतात तेव्हा मुलांचा विचार कागदाच्या शेवटी येतो. तो आधी यायला हवा.

मूल परदेशातच जन्मलं आणि जन्मानंच तिकडचं नागरिक असेल, आणि तुम्ही वकिलातीत त्याची भारतीय म्हणून नोंद केलेली नसेल, तर त्यानं सोडायचं असं काही नाही. त्याला सरळ ओसीआय काढा.

इथं जन्मून लहानपणी तिकडे गेलेल्या मुलाचं वेगळं. कलम ८ खाली बापानं किंवा आईनं घोषणा करून नागरिकत्व सोडलं की अज्ञान मुलाचंही जातं. पण त्याच कलमात एक खिडकी आहे: मूल सज्ञान झाल्यापासून एक वर्षाच्या आत त्यानं घोषणा केली तर भारतीय नागरिकत्व परत घेता येतं. बरेच एजंट ही खिडकी सगळ्यांसाठी उघडी आहे असं सांगतात. ती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आईवडिलांचं नागरिकत्व दुसऱ्या देशाचं घेतल्यामुळे कलम ९ खाली आपोआप संपलं असेल तर मुलाला कलम ८ ची ही सवलत मिळत नाही. आणि आपल्यातले बहुतेक लोक जातात ते कलम ९ नंच. म्हणजे "मोठा झाल्यावर ठरवू दे त्याचं त्याला" हे वाक्य दिवाणखान्यात छान वाटतं, कायद्यात त्याला जागा कमी.

शिक्षणाचंही आताच बघून घ्या. ओसीआय विद्यार्थी नीट, जेईई देऊ शकतो, पण ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर त्याच्यासाठी एनआरआयच्या जागा आहेत, फक्त भारतीयांसाठी राखलेल्या जागा नाहीत. मुलीला परत आणून बेळगावात मेडिकलला घालू असा बेत असेल तर फीचा आकडा आधी विचारून या.

शपथेनंतर कागदांचा क्रम

शपथ. मग नव्या देशाचा पासपोर्ट. मग भारतीय पासपोर्ट सरेंडर. मग ओसीआय. ह्या क्रमात उड्या मारता येत नाहीत.

सरेंडरसाठी ऑनलाइन अर्ज, मूळ भारतीय पासपोर्ट, तिकडच्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची आणि नव्या पासपोर्टची प्रत, फोटो, फी. बहुतेक मोठ्या देशांत हे काम वकिलातीनं नेमलेल्या बाहेरच्या एजन्सीमार्फत होतं. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो आणि सोबत सरेंडरचं प्रमाणपत्र. दोन्ही जन्मभर जपा. रद्द झालेला पासपोर्ट रद्दीत टाकू नका. तुम्ही कधीकाळी भारतीय होता ह्याचा सगळ्यात सोपा पुरावा तोच.

अडचण असते ती शपथ आणि ओसीआय ह्यांच्या मधल्या महिन्यांत. तेवढा काळ तुम्ही भारतासाठी साधे परदेशी. घरून फोन आला तर व्हिसा काढूनच यावं लागतं. माझ्या मित्राचे वडील नेमके त्या महिन्यांत गेले. नवा पासपोर्ट आलेला नव्हता, जुना वापरायचा नव्हता. शहापूरच्या स्मशानात भावानं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल धरला होता आणि पावसाचं पाणी स्क्रीनवर पडत होतं. तो दोन आठवड्यांनी आला. म्हणून सांगतो: घरी कुणी थकलेलं असेल तर शपथेच्या आधी येऊन जा, आणि नवा पासपोर्ट आला की ओसीआयची वाट न बघता ई-व्हिसा काढून ठेवा. ई-व्हिसावर गोव्याच्या विमानतळावर उतरता येतं. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, परदेशी विमान येत नाही.

ओसीआय म्हणजे दुसरं नागरिकत्व नव्हे

नावात 'सिटिझन' आहे म्हणून घोटाळा होतो. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, थोड्या जास्तीच्या सवलतींसह. कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंद नको; घर, फ्लॅट, दुकान घ्या; देशांतर्गत विमानाचं तिकीट आणि गोल घुमटाचं प्रवेशशुल्क भारतीयांच्या दरात. मत नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण करायचं तर वेगळी परवानगी. स्वतः, आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा ह्यांपैकी कुणी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशचं नागरिक आहे किंवा कधीकाळी होतं, तर ओसीआय मिळत नाही.

ओसीआय वयाच्या विसाव्या वर्षाआधी काढलेलं असेल तर वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट काढला की ओसीआय कार्ड एकदा नव्यानं काढायचं. बाकीच्या वेळी नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवला की पुरतं.

शेत

आता काकांकडे परत येऊ, कारण त्यांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. उचगावात त्यांचं दीड एकर. रताळी आणि भात. चंदगड तालुक्यात बायकोच्या माहेरचा काजूच्या बागेतला हिस्सा. "दोन्हीचं पोराच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकतो."

होत नाही. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकतही घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही नाही. हे परकीय चलनाच्या कायद्यातलं आहे, आणि मुलगा भारतीय नागरिक राहून फक्त एनआरआय असता तरी हेच उत्तर होतं. फरक पुढे पडतो. नागरिक असलेला मुलगा उद्या गावात येऊन राहू लागला की तो अडसर संपतो. ओसीआयवाल्याचा संपत नाही. त्याच्या हक्कांच्या अधिसूचनेत शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे खरेदीतून वगळलेले आहेत. कर्नाटकानं २०२० मध्ये कायदा बदलून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची वाट मोकळी केली, म्हणून लोक समजतात आता कुणालाही घेता येते. राज्याची अट गेली, केंद्राची आहे तशीच. आणि चंदगडची जमीन महाराष्ट्रात. तिथं तर शेतकरी असल्याशिवाय खरेदी नाहीच.

वारसानं मात्र जमीन येते. नागरिकत्व गेलं म्हणून वारसा हक्क जात नाही, मुलाचाही नाही आणि मुलीचाही नाही. काकांना मी मृत्युपत्र करायला सांगितलं, दोन्ही जमिनींचे गट नंबर लिहून. पुढे तो जमीन विकू शकेल, पण शेतजमीन घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच असला पाहिजे.

एक सावधगिरी. बाप गेल्यावर गावात वारसाची वर्दी देताना वंशावळीतून परदेशातल्या भावाचं, बहिणीचं नाव गाळतात. "तो आता तिकडचा झाला." मुद्दाम असेलच असं नाही, सही आणायचा कंटाळाही असतो. नाव गाळलेली वंशावळ पुढं कोर्टात जाते. भावाला हिस्सा नको असेल तर त्याच्याकडून रीतसर हक्कसोडपत्र घ्या.

सही करायला यायला जमत नसेल तर मुखत्यारपत्र. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यायचा. तीन महिने कपाटात राहिलं की अडचण. कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या जमिनीसाठी दोन वेगळी मुखत्यारपत्रं करा. एकाच कागदावर दोन राज्यांचा मुद्रांक भरत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

बँक, पतसंस्था, मतदार यादी

बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथलं रुपयांतलं खातं) करायला हवं, खरं तर परदेशी राहायला गेलात तेव्हाच. पॅन चालू राहतो. वारसाची किंवा घर विकल्याची रक्कम एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते, कर भरल्याचे कागद दाखवून. इथला आयकर मुख्यतः राहण्यावर ठरतो, नागरिकत्वावर नाही. अमेरिकेचं मात्र तसं नाही, तिथले नागरिक जगात कुठंही राहिले तरी तिकडे हिशेब देतात आणि बाहेरच्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर गेलं की बेळगावातलं खातंही कळवावं लागतं.

गल्लीतल्या पतसंस्थेत मुलाच्या नावची ठेव आपल्याकडे घरोघरी असते. एनआरओ खात्याला परवाना असलेली बँकच लागते. ठेवीची मुदत संपली की नूतनीकरण न करता ती रक्कम बँकेत वळवा.

मतदार यादीतलं नाव फॉर्म ७ देऊन काढून टाका. रेशन कार्डावरचंही. गावात कुणी म्हणेल राहू दे, एक मत वाढेल. नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे एका मताच्या हिशेबात भाऊबंदच तक्रार करतात.

गोव्याचं आजोळ असलेल्यांनी

खानापूर तालुक्यात डिचोली-साखळीकडचं आजोळ असलेली घरं भरपूर. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. एजंट सांगतो, "लिस्बनला फक्त जन्माची नोंद करायची, भारताचं काही जात नाही." पण पोर्तुगालच्या कायद्यात ती नोंद म्हणजेच नागरिकत्व. आणि पासपोर्ट हातात घेतलात तर विषयच संपला, कारण परदेशी पासपोर्ट घेणं हा आपल्या नियमांत परकीय नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा मानला आहे. लिस्बनची नोंद करून इथं सरकारी नोकरी, पंचायतीची मेंबरशिप चालू ठेवणाऱ्यांनी वकिलाला आधी विचारावं, एजंटला नंतर.

परत घ्यायचं झालं तर

वाट आहे, पण आखूड नाही. ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात राहिलेलं हवं; मग कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करता येतो, आणि मंजूर झाला की तिकडचं नागरिकत्व सोडावं लागतं. पूर्वी भारतीय असलेल्यांसाठी बारा महिन्यांच्या वास्तव्याचं आणखी एक पोटकलम आहे. दोन्हींत रद्द झालेला जुना पासपोर्ट उपयोगी पडतो.

काकांचा मुलगा गणपतीला आला नाही. दिवाळीला ई-व्हिसावर गोव्यात उतरला आणि चोर्ला घाटातून घरी आला. सरेंडरचा अर्ज त्यानं निघायच्या आधीच टाकला होता. काकांनी मृत्युपत्रावर सही केली त्या दिवशी तो बाहेर बाकावर बसून ओसीआयच्या फॉर्मात जन्मस्थान काय लिहायचं ते मला विचारत होता. जुन्या पासपोर्टावर इंग्रजीत 'बेलगाम' होतं. मी म्हटलं, तेच लिही.